आजीच्या माहेरचं आडनाव

कल्पना करून बघ. तुझं वय अडुसष्ट आहे. हसू नकोस, करून बघ. तुझ्याएवढ्या मुलांना मी छत्तीस वर्षं अशाच कल्पना करायला लावल्या. तुम्ही शाळेची घंटा आहात, तुम्ही फुटलेली पाटी आहात, लिहा. आणि त्यांनी कुरकुर न करता लिहिलं. तर तुझं वय अडुसष्ट आहे, गुडघ्यावर लोकरीचा पट्टा आहे, बाहेर नेपरव्हिलचा फेब्रुवारी आहे आणि खिडकीतून दिसणारं सगळं, समोरचं गवत, पायवाट, शेजाऱ्यांची झाकून ठेवलेली शेगडी, तीन आठवड्यांच्या बर्फाखाली एकाच रंगाचं झालं आहे. मंगळवार, सकाळचे साडेदहा. मुलगा आणि सून सातच्या गाडीने शिकागोला गेले आहेत. तुझ्या कानाला फोन आहे. भारतात बोलायचा स्वस्तातला प्लॅन घ्यायचा आहे, आणि तो तुझ्याच नावावर, कारण मुलगा म्हणाला होता, "आई, तूच कॉल कर, तुला बोलायची प्रॅक्टिस होईल." पलीकडचा माणूस गोड बोलतो. नाव विचारतो, जन्मतारीख विचारतो, आणि मग म्हणतो, आता एकच प्रश्न, तुम्ही खरंच तुम्हीच आहात ना याची खात्री करायला: तुमच्या आईचं लग्नाआधीचं आडनाव काय? तुला बरं वाटतं. चार वर्षांत या देशात कुणी तुझ्या आईबद्दल काही विचारलेलं नाही. तू एकेक अक्षर सुटं करून सांगायचं, पाटणकर, आणि वाईचे पाटणकर हेही सांगायचं. "परफेक्ट," तो म्हणतो. "थँक यू, मॅम. आता मी तुमच्यासाठी काहीही करू शकतो."

इथपर्यंत तुझी कल्पना. इथून पुढचं माझं मला सांगू दे. ते दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालण्यासारखं नाही.

तो पुढे बोलत राहिला, मिनिटाचे दर, पहिला महिना, आणि मी हो हो म्हणत राहिले, पण माझ्या कानात काही शिरत नव्हतं. फ्रिज घरघरत होता. ओट्यावर सकाळचा चहा होता, त्यावर साय धरली होती, आणि मी त्या सायीकडे बघत होते. काहीही करू शकतो, तो म्हणाला होता. माझ्या आईचं आडनाव ऐकून. म्हणजे ते विचारणं ही आपुलकी नव्हती. आमच्याकडे दोन बायका भेटल्या की पाचव्या मिनिटाला विचारतात, माहेर कुठलं, माहेरचं आडनाव काय, आणि मग कुणाची तरी आत्या कुणाच्या तरी आळीत निघते आणि चहा दुसऱ्यांदा टाकला जातो. जन्मभर मी हा प्रश्न दार उघडण्यासाठी विचारला. इथे त्याच नावाने दार बंद करून ठेवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नाही, हे खरं नाही. मला एका मुलीने सांगितलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीने, माझ्या समोर बसून, जितकं तिला सांगता आलं तितकं सांगितलं होतं, आणि मी तिला लाल पेन्सिल दिली होती.

ती मुलगी म्हणजे अनिका. प्रताप आणि विनीता वैरागडे यांची. नागपूरचे लोक, प्रताप कंपनीत प्रोग्रॅम लिहायचा. त्या मंगळवारपासून बरोबर साडेतीन आठवड्यांनी ते तिघं कायमचे नागपूरला परत जायचे होते. जायचं त्यांच्या मनात नव्हतं. सहा वर्षं राहून, ग्रीन कार्डाचे कागद शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन, ते निघाले होते, आणि ते कशामुळे हे आमच्या सगळ्या मंडळींना ठाऊक होतं. निदान सगळे तसं बोलायचे. विनीतामुळे.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्टुलावरून उतरले नाही. खाली तळघरात घर तापवणारी भट्टी सुरू झाल्याचा खट् असा आवाज आला आणि गरम हवेबरोबर तळघराचा वास वर आला, ओलसर गालिचा, वाळलेली मार्कर पेनं. तिथेच माझी रविवारची शाळा भरायची. दहा ते बारा, एकोणीस घरची मुलं. मुलाने, केदारने, घडीची टेबलं आणून दिली होती, सुनेने, सुमेधाने, फळा. मला वाटायचं, मी निवृत्त झालेच नाही, फक्त वर्ग जमिनीखाली गेला. दोन हजार पाचच्या ऑक्टोबरात मी मुलांना गृहपाठ दिला होता: आपलं कुळाचं झाड काढून आणा. त्यांनी आणलं, आणि मी चिडले. मुलांवर नाही. एकोणीस झाडांवर बाप, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशी सरळ चढत गेलेली खोडं होती, आणि बायका कुठेच नव्हत्या. असल्याच तर नुसतं 'आई', नुसतं 'आजी'. माझी स्वतःची आजी आमच्या घराण्याच्या वंशावळीत नाही. तिचं नाव काय होतं हे मला माझ्या वडिलांनाही सांगता आलं नव्हतं. म्हणून मी ठरवलं की या मुलांच्या झाडावर बायका येतील. आई, आईची आई, बापाची आई, प्रत्येकीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आणि माहेरचं आडनाव. माझ्या शिक्षकी आयुष्यातली ही सगळ्यात चांगली कल्पना होती असं मला तेव्हा वाटलं होतं. अजूनही वाटतं. म्हणूनच ती आठवली की तोंडाला कडू चव येते.

सुमेधाने मला इंटरनेटवरची एक साइट दाखवली. फुकट होती. हिरव्या पानांचं चित्र, आणि फांद्यांवर चौकोन. चौकोनात माहिती भरली की पान उमलायचं. केदारने नुकताच मला त्याचा जुना लॅपटॉप दिला होता आणि सहासष्टाव्या वर्षी मी एका बोटाने टाइप करायला शिकले होते. एकोणीस घरांचं एकच खातं काढलं, माझ्या नावाचं. पालकांनी शाळेचे फॉर्म भरताना दिलेले पत्ते आणि जन्मतारखा माझ्याकडे होत्याच. त्या साइटची एक खोड होती. चौकोन रिकामा राहिला की वर लिहून यायचं, तुमचा वृक्ष बासष्ट टक्के पूर्ण आहे. ऐंशी टक्के पूर्ण आहे. ज्या बाईने जन्मभर मुलांना टक्के दिले तिला कुणी ऐंशी टक्के देऊन थांबवलं तर ती थांबेल का? मी दुपारभर बसायचे. पालकांना फोन करायचे. "काकू, माझ्या आजीचं जन्मगाव कशाला हो?" कुणी हसत विचारायचं, आणि तरी सांगायचं, कारण मी शिक्षिका, मी म्हातारी, आणि कुणीतरी त्यांच्या आजीचं नाव विचारत होतं. ती साइट कोण चालवतं, ती कुठे आहे, ती ही नावं कुठे ठेवते, हे माझ्या मनात आलं नाही. पानं उमलत होती. पालकांपैकी दोघींना त्या झाडांमुळे कळलं की दोघींच्या आया एकाच वाड्यातल्या माहेरवाशिणी. त्या माझ्या तळघरात एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मला आणखी काय पुरावा हवा होता.

अनिकाचा एक चौकोन राहिला होता. तो रविवार मला आता इतका स्पष्ट दिसतो की त्यातली टेबलाची डगडगही जाणवते. ती पुढचे दोन दात नवीन आलेली, मोठे, चेहऱ्याला अजून न शोभणारे. गुडघे खुर्चीवर घेऊन बसलेली. आईच्या आईचं माहेरचं आडनाव, हा चौकोन कोरा.

"हे राहिलं ना गं?"

"आय नो."

"ठाऊक नाही का? आईला विचारून ये."

"ठाऊक आहे. पांढरीपांडे." तिने ते अगदी हळू सांगितलं, माझ्याकडे झुकून. "बट मॉम ते हळू सांगते. फोनवर. दुसऱ्या रूममध्ये जाऊन."

शेजारचा वीर फिदीफिदी हसला. "पांढरीपांडे! दॅट्स लाइक अ पांडा."

अनिका लाल झाली. आणि मी, छत्तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचण्याचा धंदा केलेली, त्या चेहऱ्यावर नको ते वाचलं. मला वाटलं, पोरीला आजीच्या आडनावाची लाज वाटते. लांब, विचित्र, अमेरिकन जिभेला न झेपणारं आडनाव, म्हणून आईसुद्धा हळू उच्चारते. मी हातातला खडू खाली ठेवला आणि सगळ्या वर्गाला पाच मिनिटं बोलले. आपल्या नावांची लाज कधी वाटू द्यायची नाही. ज्या बाईने तुमच्या आईला जन्म दिला तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. मी सगळ्या मुलांकडून ते एकदम म्हणूनसुद्धा घेतलं, पांढरीपांडे, दोनदा. अनिका सोडून सगळे म्हणाले.

"आजी," ती मग म्हणाली, "हू ऑल कॅन सी इट?"

"आपलीच माणसं बघतात, बाळा."

"बट हू?"

"सगळ्यांची झाडं पूर्ण झाली. भिंतीवर लावायची आहेत. तुझं एकटीचं अर्धं लावू का?"

तिने लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कागदाची लव निघाली. तिसऱ्यांदा लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला, बघितलं नाही. मी तिला लाल पेन्सिल बक्षीस दिली, टोकाला रबराचं सफरचंद असलेली. दुपारी ते आडनाव एकेक अक्षर बघून टाइप केलं, इंग्रजीत ते अवघड जातं, आणि वैरागड्यांचा वृक्ष शंभर टक्के झाला.

नंतरच्या जूनमध्ये पत्र आलं. माझ्या नावाने पत्रं फार येत नसत, म्हणून मी ते खुशीने फोडलं. साइटच्या कंपनीचं होतं. आम्ही खेदपूर्वक कळवतो की आमच्याकडे साठवलेली काही माहिती अनधिकृत व्यक्तींच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे. मी ते तीनदा वाचलं, शब्दकोश घेऊन. एकेक शब्द कळत होता. शेवटी एक ओळ होती: आपल्या खात्यात आपण इतर व्यक्तींची माहिती भरली असल्यास कृपया त्यांना याची कल्पना द्यावी. हीदेखील कळली. मला कळलं नाही असं मी केदारला पुढे सांगितलं, सुमेधाला सांगितलं, काही काळ स्वतःलाही सांगितलं, पण तुला खोटं सांगून काय मिळवायचं आहे. मला ती ओळ कळली होती. मी खिडकीशी उभी राहून विचार करत होते की एकोणीस घरी फोन करून काय सांगायचं. माहिती गेली म्हणजे काय गेलं? नावं तर आपल्याकडेच आहेत. ते विचारतील, काकू, कुणी नेली, आणि मला सांगता येणार नाही. केदार म्हणेल, आई, तुला कशाला नसत्या उठाठेवी, आणि लॅपटॉप हळूच वरच्या कपाटात जाईल, जशी एकदा चक्कर आल्यावर माझी एकटीने फिरायला जायची सवय गेली. पालकांपैकी निम्मे सुट्टीत भारतात गेले होते. 'शक्यता' असंच तर लिहिलं होतं. वर्गात मी नेहमी सांगायचे, कळलं नाही तर हात वर करा, हसेल त्याला मी बघते. मी पत्राची घडी घातली आणि मुलांच्या चित्रांच्या फायलीत ठेवली. भाजी चिरायला घेतली. पडवळ होतं, शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावरून, डेव्हन ॲव्हेन्यूवरून, केदारने आणलेलं. ते मी नेहमीपेक्षा बारीक चिरलं होतं, हे आठवतं.

ऑक्टोबरात ग्रंथालयाच्या पार्किंगमध्ये विनीता भेटली. हसत होती. हसली की ती अनिकासारखी दिसते, किंवा उलट. "काकू, आमच्याकडे महिना झाला टपालच नाही. बिलंसुद्धा नाहीत. अमेरिका आम्हाला विसरून गेली वाटतं."

"बरंय की," मी म्हणाले. "मलाही विसरायला सांग." आम्ही दोघी हसलो. थंडी नुकतीच पडायला लागली होती आणि तिच्या तोंडातून वाफ येत होती.

अमेरिका विसरली नव्हती. कुणा एका बाईने बँकेला फोन केला होता, मी विनीता वैरागडे बोलते, आणि तिला विनीताची जन्मतारीख ठाऊक होती, पत्ता ठाऊक होता, आणि विनीताच्या आईचं लग्नाआधीचं आडनाव ठाऊक होतं. बँकेने तिच्यासाठी हवं ते केलं. मग तिनेच पोस्टात कागद भरून दिला की वैरागडे कुटुंब इथून राहायला गेलं आहे, म्हणजे बँकेचं टपाल घरी येऊन कुणाला संशय यायला नको. बँकेने पैसे नंतर भरून दिले, त्याचं कुणाला काही नाही. पण टपाल बंद होतं त्या सहा आठवड्यांत इमिग्रेशनचं पत्र आलं होतं: बोटांचे ठसे द्यायला अमुक दिवशी हजर राहा. सरकारी पत्र दुसऱ्या पत्त्यावर पाठवत नाहीत, परत नेतात. ते परत गेलं. वैरागडे ठसे द्यायला आले नाहीत, राहत्या जागी सापडत नाहीत, सबब त्यांनी अर्ज सोडून दिला असं समजून फाइल बंद झाली. डिसेंबरात हे कळलं तेव्हा वकील म्हणाला, पुन्हा उघडायला वेळ लागेल. कंपनी म्हणाली, आम्ही नव्याने सुरू करणार नाही. आणि प्रतापच्या व्हिसाची सहा वर्षं मार्चमध्ये संपत होती.

मग प्रताप शोधायला लागला की विनीताची माहिती बाहेर गेली कशी. माणसाला कारण लागतं. आणि त्याला डेव्हनवरचं साडीचं दुकान आठवलं. गणपतीच्या आधी तिथे पत्र्याचा डबा ठेवला होता, चिठ्ठीवर नाव, फोन, जन्मतारीख लिहून टाका, एकीला पैठणी. विनीताने टाकली होती. त्याच्या देखतच. "आमच्या मॅडमला पैठणी जिंकायची होती ना," तो संक्रांतीला आमच्या बैठकीत म्हणाला, "जिंकल्या. नागपूरचं वन वे तिकीट." लोक हसले. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा थोडे हसले. तिसऱ्यांदा कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या ना यार प्रतापराव." विनीता वाटीतले तीळगूळ मोजल्यासारखी खाली बघत होती. तिने मला स्वयंपाकघरात विचारलं, "काकू, आईचं आडनाव मी त्या चिठ्ठीवर लिहिलं असेल का हो? मला नाही आठवत. पण लिहिल्याशिवाय कसं कळलं असेल त्या बाईला?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. शपथेवर सांगते, तेव्हा मला दोन गोष्टी जोडता आल्या नव्हत्या. की जोडायच्या नव्हत्या? हात फिरवताना बोटांना तिच्या पाठीचे मणके लागत होते, इतकी वाळली होती, आणि मी म्हणाले, "विचार करू नकोस." त्याच्या पुढच्या रविवारी ती अनिकाला न्यायला आली तर अनिका कोट घालता घालता, सगळ्या मुलांसमोर, आईकडे न बघता म्हणाली, "यू अँड युअर साडी." विनीताने तिच्या कोटाची चेन लावली. मी फळा पुसत होते.

तर त्या मंगळवारी मी स्टुलावरून उतरले, खाली गेले, फायलीतून पत्र काढलं आणि संध्याकाळी केदारच्या पुढ्यात ठेवलं. तो बूटसुद्धा न काढता वाचत उभा राहिला. बुटाखाली बर्फ विरघळून डबकं झालं.

"आई, हे कोणाला बोललीस?"

"अजून नाही. शनिवारी वैरागड्यांकडे जाते."

"जाऊ नकोस. ऐक माझं. प्रूव्ह काय होणार आहे? बाकीच्या घरांना मी ईमेल करतो, पासवर्ड बदला, बँकेला कळवा, एवढं बास. नाव नको आपलं. इथे लोक कोर्टात जातात."

"विनीताच्या डोक्यावर आहे ते."

"त्यांचं जाणं कॅन्सल होणार आहे का याने? नाही ना. मग तू सांगून फक्त तुला बरं वाटेल." तो वाईट मुलगा नाही. त्याचा आवाज घाबरलेला होता, आणि तो म्हणत होता त्यात खरंही होतं. चार दिवस मी ते खरं चघळत राहिले. माझ्या सांगण्याने तिकिटं बदलणार नव्हती. पण माझ्यासमोर सारखी नागपुरातली एक खोली यायची, जी मी कधी पाहिलेली नाही. दहा वर्षांनी, वीस वर्षांनी. पाहुणे बसलेले आहेत आणि प्रताप म्हणतो आहे, आम्ही अमेरिकेतच असतो आज, पण आमच्या मॅडमला पैठणी जिंकायची होती. आणि विनीता आतून पाणी घेऊन येते आहे. आणि तिला स्वतःलाही ते खरं वाटतं आहे. ती अनोळखी बाईसुद्धा यायची डोळ्यांसमोर, कुठल्याशा गावात, माझं एका बोटाने टाइप केलेलं बघून पांढरीपांडे म्हणायचा सराव करणारी. तिने तो उच्चार बरा केला असणार. बँकेने ओळखलं नाही.

शनिवारी दुपारी केदार जेवण होताच वरच्या खोलीत निघून गेला. सुमेधाने ताटं उचलली, हात पुसले आणि म्हणाली, "आई, मी गाडी काढते."

वैरागड्यांच्या घरात आवाज घुमत होता, कारण गालिचा गुंडाळला होता आणि सोफा कुणी घेऊन गेलं होतं. भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. प्रतापने एकुलती एक खुर्ची मला दिली, सुमेधा खोक्यावर बसली, तो स्वतः उभा. विनीता "चहा टाकते" म्हणून आत गेली. भांडी भरून झाली होती तरी तिला एक पातेलं सापडलं. अनिका जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चिकटपट्टीचं रीळ घेऊन बसली होती. मी ठरवलेलं सगळं विसरले. पर्समधून पत्र काढून प्रतापला दिलं आणि म्हणाले, "मुलांची झाडं मी ज्या साइटवर ठेवली होती, तिथून सगळं चोरीला गेलं. विनीताची जन्मतारीख, तुमचा पत्ता, तिच्या आईचं आडनाव, सगळं त्यात मी भरलं होतं. मला पत्राने कळवलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्याने वाचलं. मग वरची तारीख पुन्हा वाचली. "काय बोलून राहिले काकू तुम्ही," तो हळूच म्हणाला. आणि मग, "हे जूनचं आहे."

"हो."

"आमचं टपाल सप्टेंबरच्या शेवटी बंद झालं."

"हो."

"तीन महिने होते आपल्याकडे."

"हो, प्रताप."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पत्राची माझ्याच घड्यांवर घडी घातली आणि ते मला परत दिलं, वडिलधाऱ्या माणसाला द्यायचं तसं, दोन्ही हातांनी. मी ते घेतलं. आत पाण्याचा आवाज येत होता; विनीताला ऐकू गेलं होतं की नव्हतं, कळत नव्हतं. सुमेधा जमिनीकडे बघत होती. मी क्षमा मागितली, शब्द कोणते वापरले ते आठवत नाही. खिडकीबाहेर शेजारी फावड्याने बर्फ ओढत होता, खर्र, खर्र.

"आय रोट इट," जिन्यावरून अनिका म्हणाली.

मी वळले. ती माझ्याकडे बघत होती, किती आठवड्यांनी पहिल्यांदा. तिचे दात आता चेहऱ्याला शोभायला लागले होते. आणि मला तेव्हा दिसलं की ही मुलगी डिसेंबरपासून हे एकटी घेऊन बसली आहे. आईला सगळ्यांसमोर तोडून बोलली तेसुद्धा यामुळेच. दुसऱ्या कुणाची चूक ठरली की आपली लपते, हे मी तिच्याआधी केलं होतं.

"तू लिहिलं नाहीस," मी म्हणाले. "तू दोनदा खोडलंस. मी बघत होते. तू मला सांगितलंस की आई ते हळू सांगते, आणि मी ऐकलं नाही. ते मी लिहायला लावलं."

तिने ते नीट तपासून घेतलं, मी वहीतलं उत्तर तपासावं तसं. "सो इट वॉजंट मी."

"नाही."

"अँड नॉट द साडी थिंग."

"नाही. आईने काहीच केलेलं नाही."

तिने चिकटपट्टीचं रीळ पायरीवर ठेवलं. उठली. माझ्या खुर्चीला वळसा घालून, मला न शिवता, स्वयंपाकघरात गेली. नळ बंद झाल्याचा आवाज आला. आईला मनगटाला धरून ती बाहेर घेऊन आली. विनीताचे हात कोपरापर्यंत ओले होते, पाणी लाकडी जमिनीवर ठिबकत होतं आणि तिला पुसायला वेळ मिळाला नव्हता. अनिकाने तिला प्रतापच्या समोर आणून उभं केलं. घरात ती मराठी फारसं बोलत नाही, पण आता मराठीत बोलली, मी शिकवली होती तशी, शब्दानंतर शब्द.

"बाबा, आता तुम्ही आईला सांगा."

प्रतापने आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. अनिकाने आईचं मनगट सोडलं नाही. ती बापाच्या तोंडाकडे बघत, न हलता, वाट पाहत उभी राहिली.